लुसिओ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझीलचा बचावपटू लुसिओ गोव्यात दोन मोसम खेळून गेला, त्यामुळे त्याच्याबद्दलचे प्रश्न मराठीतून अजूनही येत असतात. काहींना २००२चा विश्वचषक आठवतो, काहींनी त्याला फातोर्ड्याच्या मैदानावरच पहिल्यांदा पाहिलं. तेच तेच विचारलं जातं म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत आणि गोंधळ उडवणारे शेवटी. एक मत आधीच मांडून ठेवतो: गेल्या तीस वर्षांतल्या ब्राझीलच्या बचावपटूंमध्ये काफू आणि रॉबेर्तो कार्लोस यांची नावं चटकन घेतली जातात, लुसिओचं घेतलं जात नाही. हा त्याच्यावर अन्याय आहे.

१. लुसिओ म्हणजे नेमका कोण? थोडक्यात सांगा.

लुसिओ हा ब्राझीलचा सेंटर बॅक. आपल्याकडची जुनी मंडळी ज्याला स्टॉपर म्हणतात, ती त्याची जागा. जन्म ८ मे १९७८चा, राजधानी ब्राझिलियाजवळच्या प्लानाल्टिना गावातला. खरं नाव लुसिमार. ब्राझीलसाठी तो १०५ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्यात ४ गोल केले. २००२, २००६ आणि २०१० अशा तीन विश्वचषकांत मिळून १७ सामने त्याच्या नावावर आहेत. २००२चा विश्वचषक त्याने जिंकला, २०१०ला तो कर्णधार होता. क्लब फुटबॉलमध्ये जर्मनीत बायर लेव्हरकुझेन आणि बायर्न म्युनिक, इटलीत इंटर मिलान, असा त्याचा मुख्य प्रवास आहे.

२. ७-० अशा हरलेल्या सामन्यातून त्याची निवड झाली म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. १९९७ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेत तो ग्वारा या राजधानी परिसरातल्या छोट्या क्लबकडून उतरला. समोर पोर्तो अलेग्रेचा बलाढ्य इंटरनॅसिओनाल. ग्वाराने सात गोल खाल्ले आणि एकही केला नाही. बचावपटूसाठी यापेक्षा वाईट दिवस कुठला? पण पडझडीतही हा उंचापुरा पोरगा शेवटपर्यंत झुंजतोय, हे समोरच्यांनी हेरलं आणि त्याला आपल्याकडे नेलं. तिथून तो २०००च्या सिडनी ऑलिंपिक संघापर्यंत पोहोचला, त्याच वर्षी राष्ट्रीय संघात आला आणि २००१च्या सुरुवातीला लेव्हरकुझेनला गेला.

३. सेंटर बॅक असून बॉल घेऊन पुढे धावत सुटायचा. हा बेजबाबदारपणा नव्हता का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने काही सामनेही आहेत, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

लुसिओची धाव आठवा. स्वतःच्या पेनल्टी बॉक्सजवळ बॉल काढून घ्यायचा, मान वर करायची आणि लांब ढांगा टाकत थेट मधल्या रेषेपलीकडे. पहिला मिडफिल्डर अंगावर आला की बॉल थोडा पुढे ढकलून वेगाच्या जोरावर त्याला मागे टाकायचा. यात पायांची नाजूक कारागिरी नव्हती. जोर, उंची आणि ढांग यांवरच सगळं चालायचं.

याचा फायदा समजून घ्यायला समोरच्या संघाच्या जागेवरून पाहा. त्यांचे खेळाडू आपापला माणूस धरून उभे असतात. स्टॉपर बॉल घेऊन आला की त्याला अडवायला कुणाला तरी आपला माणूस सोडावा लागतो. तेवढ्यात ब्राझीलचा किंवा बायर्नचा एक खेळाडू मोकळा होतो. पासने जी फट पडत नाही, ती अशा धावेने पडते.

तोटा उघड आहे. बॉल गमावला तर मागे भगदाड. म्हणून लुसिओला पाहताना त्याचा जोडीदारही पाहावा. इंटरमध्ये वॉल्टर सॅम्युएल जागा सोडत नसे. २००२च्या ब्राझील संघात तर मागे तिघे होते (प्रश्न ५ पाहा). लुसिओ पुढे गेला की कोण थांबणार, हे ठरलेलं असे. जिथे हे ठरलेलं नव्हतं, तिथे ही धाव संघाच्या अंगाशी आली हेही मान्य करायला हवं. पण प्रशिक्षकाला ठाऊक असलेल्या आणि हव्या असलेल्या धावेला बेजबाबदार म्हणता येत नाही.

४. लेव्हरकुझेनचं २००२ साली नेमकं काय झालं?

काही आठवड्यांत तीन विजेतेपदं हातची गेली. प्रशिक्षक क्लाउस टोपमोलर यांचा तो संघ बघायला इतका देखणा होता, की आजही हळहळ वाटते. बालाक, श्नायडर, नॉयविल, तरुण बर्बाटोव्ह आणि मागे लुसिओ.

बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, शेवटचे तीन सामने बाकी असताना ते पाच गुणांनी पुढे होते. ब्रेमेनकडून हरले, न्यूर्नबर्गकडून हरले आणि डॉर्टमुंड एका गुणाने पुढे निघून गेला. मग बर्लिनमध्ये जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात शाल्केकडून ४-२ हार. राहिली चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा.

तिथवर पोहोचण्यात लुसिओचा मोठा हात होता. उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूलविरुद्ध पहिला सामना १-०ने गमावलेला. परतीच्या सामन्यात ३-२ अशी आघाडी होती, पण परक्या मैदानावरच्या गोलांच्या तेव्हाच्या नियमामुळे (एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई) तेवढ्यावर लिव्हरपूलच पुढे जाणार होता. ८४व्या मिनिटाला गोल करून संघाला पुढे नेणारा लुसिओ होता, म्हणजे संघाचा स्टॉपर.

१५ मे २००२ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर रेआल माद्रिदविरुद्ध अंतिम सामना झाला. रेआलच्या राऊलने सुरुवातीलाच गोल केला. काही मिनिटांतच श्नायडरच्या फ्री किकवर लुसिओने हेडरने बरोबरी साधली. मध्यंतराच्या जरा आधी रेआलच्या झिदानने डाव्या पायाने ती प्रसिद्ध व्हॉली (बॉल जमिनीवर पडण्याआधीच मारलेला फटका) मारली. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस लेव्हरकुझेनने हल्ल्यांचा धडाका लावला, पण रेआलच्या जखमी गोलकीपरच्या जागी आलेल्या कासियासने एकामागून एक बॉल अडवले. २-१. झिदानच्या गोलमुळे त्या सामन्यातला लुसिओचा हेडर विसरला गेला, म्हणून तो मुद्दाम इथे नोंदवला.

५. २००२च्या विश्वचषकात ब्राझीलचा बचाव कच्चा होता, आघाडीच्या त्रिकुटाने संघ तारला, असं म्हणतात. बरोबर आहे का?

नाही. रोनाल्डो, रिवाल्डो आणि रोनाल्डिन्यो यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा होत्या, हे ठीक. पण सात सामन्यांत ब्राझीलने फक्त चार गोल खाल्ले आणि त्यातले दोन कोस्टा रिकाविरुद्धच्या ५-२ अशा मोकळ्याढाकळ्या सामन्यात. बाद फेरीच्या चार सामन्यांत एकच गोल, तोही लुसिओच्या चुकीने (पुढचा प्रश्न).

प्रशिक्षक स्कोलारी यांनी मागे तिघांना ठेवलं होतं: लुसिओ, एडमिल्सन आणि रोके ज्युनियर. बाजूंनी काफू आणि रॉबेर्तो कार्लोस बिनधास्त वर जाऊ शकत, ते या तिघांच्या भरवशावर. ब्राझीलमध्ये तीन बचावपटूंची ही रचना अनेकांना रुचली नव्हती. ३० जून २००२ रोजी योकोहामात जर्मनीविरुद्ध २-०ने अंतिम सामना जिंकल्यावर विषय मिटला.

त्या सामन्यात समोर राम्लो, श्नायडर आणि नॉयविल होते, लुसिओचे लेव्हरकुझेनचेच साथीदार. बालाक कार्डांमुळे बाहेर बसला होता. त्यांच्या वाट्याला त्याच उन्हाळ्यात चौथं उपविजेतेपद आलं. लुसिओ मात्र विश्वविजेता झाला.

६. इंग्लंडविरुद्ध ओवेनला गोल त्यानेच भेट दिला ना?

हो. २१ जून २००२, शिझुओका, उपांत्यपूर्व सामना, २३वं मिनिट. इंग्लंडच्या हेस्कीने मागून बॉल पुढे टाकला. लुसिओ त्याच्या वाटेत होता, अगदी साधा बॉल. तो नीट अडवता आला नाही, पायाला लागून पुढे उसळला आणि ओवेनच्या पुढ्यात पडला. ओवेनने ब्राझीलचा गोलकीपर मार्कोस याच्या वरून अलगद आत टाकला.

विचारणारे इथेच थांबतात. मी म्हणेन, पुढची ६७ मिनिटं पाहा. विश्वचषकात अशी चूक झाली की बचावपटू दबकतो. बॉल आला की उडवून लावतो, पुढे पाऊल टाकत नाही. लुसिओने खेळ बदलला नाही. मध्यंतराच्या तोंडावर रिवाल्डोने बरोबरी केली, ५०व्या मिनिटाला रोनाल्डिन्योची फ्री किक इंग्लंडचा गोलकीपर सीमन याच्या डोक्यावरून आत गेली, ५७व्या मिनिटाला रोनाल्डिन्योला लाल कार्ड मिळालं. त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ दहा जणांच्या ब्राझीलने इंग्लंडला गोल करू दिला नाही. त्या अर्ध्या तासाचं श्रेय बचावफळीचं आहे आणि त्यात लुसिओ आला.

७. मग २००२ला कर्णधार लुसिओ होता का?

नाही, काफू. खरं तर कर्णधार एमर्सन ठरला होता. स्पर्धा सुरू होण्याच्या ऐन तोंडावर सरावात गंमत म्हणून तो गोलकीपर म्हणून उभा राहिला, खांदा निखळला आणि तो स्पर्धेलाच मुकला. लुसिओकडे कर्णधारपद २००६च्या विश्वचषकानंतर, दुंगा प्रशिक्षक झाल्यावर आलं.

८. ३८६ मिनिटं एकही फाऊल केला नाही, हा विक्रम खरा की अफवा?

खरा आहे. २००६च्या विश्वचषकात क्रोएशिया, ऑस्ट्रेलिया, जपान आणि घाना या चारही सामन्यांत लुसिओ पूर्ण वेळ खेळला आणि पंचांनी त्याच्याविरुद्ध एकदाही फाऊल दिला नाही. हे झाले ३६० मिनिटं. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात आणखी २६ मिनिटांनी ही मालिका तुटली. आधीची नोंदही दक्षिण अमेरिकेच्याच बचावपटूची होती. पॅराग्वेचा कार्लोस गामारा १९९८चा अख्खा विश्वचषक एकही फाऊल न करता खेळला होता.

या आकड्याचं महत्त्व काय? लुसिओला लोक रांगडा समजतात. अंगाने तसा तो होताच. पण सतत स्ट्रायकरच्या पाठीला चिकटून असणाऱ्या, हवेतल्या प्रत्येक बॉलसाठी उडी मारणाऱ्या खेळाडूला चार सामने एकही धक्का, ओढाओढ किंवा उशिरा पडलेला पाय न दाखवणं म्हणजे अंदाज अचूक हवा. बॉल कुठे येणार हे ज्याला आधी कळतं, त्याला खेचाखेच करावी लागत नाही.

गोव्याच्या वाचकांसाठी एक धागा: त्या चारपैकी जपानचा प्रशिक्षक झिको होता. पुढे त्यानेच लुसिओला एफसी गोवामध्ये खेळवलं (प्रश्न १४).

९. बायर लेव्हरकुझेन आणि बायर्न म्युनिक एकच का? आणि इंटरनॅसिओनाल म्हणजेच इंटर मिलान का?

चारही क्लब वेगळे, आणि लुसिओ चारही ठिकाणी खेळला म्हणून गोंधळ होतो. लेव्हरकुझेनच्या नावातलं बायर हे औषध कंपनीचं, तर म्युनिकच्या नावातलं बायर्न हा जर्मनीतला प्रांत. इंटरनॅसिओनाल ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेचा, इंटर इटलीतल्या मिलानचा.

१०. बायर्नमध्ये त्याने काय मिळवलं आणि बायर्न का सोडलं?

२००४ ते २००९ या पाच मोसमांत तीनदा बुंडेसलिगा (२००५, २००६, २००८) आणि त्याच तिन्ही वर्षी जर्मन चषक. चॅम्पियन्स लीग मात्र नाही. तरी २००७ साली रेआल माद्रिदविरुद्धची बाद फेरी विसरू नका. माद्रिदमधला पहिला सामना ३-२ने गमावला, त्यात लुसिओचा गोल. म्युनिकमध्ये बायर्नच्या मकायने दहाव्या सेकंदाला गोल केला, ६६व्या मिनिटाला पुन्हा लुसिओ, सामना २-१. एकूण ४-४, पण परक्या मैदानावरच्या गोलांमुळे बायर्न पुढे. हॅम्पडनचा धरून रेआलविरुद्ध या बचावपटूचे तीन गोल झाले.

२००९च्या उन्हाळ्यात लुई व्हान गाल प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या आखणीत लुसिओला जागा नव्हती. तो इंटरला गेला.

११. म्हणजे बायर्नने काढलं आणि वर्षभरात त्यांनाच अंतिम सामन्यात हरवलं?

अगदी तसंच झालं. २२ मे २०१०, माद्रिदचं सांतियागो बर्नाबेऊ मैदान, इंटर २, बायर्न ०. दोन्ही गोल दिएगो मिलितोचे. बायर्नच्या बाकावर व्हान गाल, इंटरच्या बचावात लुसिओ आणि सॅम्युएल.

मला त्याहून जास्त भावतो तो उपांत्य फेरीचा परतीचा सामना. २८ एप्रिल, बार्सिलोना. इंटर पहिल्या सामन्यातून ३-१ने पुढे. अर्धा तास व्हायच्या आत इंटरच्या थियागो मोट्टाला लाल कार्ड. पुढचा तासभर मेस्सी, झावी आणि मंडळी दहा जणांच्या भिंतीवर आदळत राहिली. बार्सिलोनाच्या पिकेचा एक गोल झाला, तेवढाच. बॉल घेऊन धावण्यासाठी ओळखला जाणारा लुसिओ त्या रात्री जागचा हलला नाही. प्रशिक्षक मोरिन्यो यांनी सांगितलं ते त्याने केलं. धाव कधी घ्यायची नाही हेही त्याला कळत होतं आणि प्रश्न ३ला माझं खरं उत्तर हेच आहे. त्या मोसमात इंटरने इटालियन लीग आणि इटालियन चषकही जिंकला. डिसेंबरमध्ये अबू धाबीत क्लब विश्वचषकाची भर पडली.

१२. कर्णधार म्हणून त्याचा सर्वांत मोठा क्षण कुठला?

२८ जून २००९, जोहान्सबर्ग, कॉन्फेडरेशन्स कपचा अंतिम सामना. मध्यंतराला अमेरिका २-०ने पुढे. लुईस फाबियानोने दोन गोल करून बरोबरी केली. ८४व्या मिनिटाला एलानोचा कॉर्नर आणि लुसिओचा हेडर. ३-२. शिट्टी वाजल्यावर त्याचे डोळे भरून आले होते. (एलानो हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न १४मध्ये पुन्हा येईल.)

वर्षभराने विश्वचषकात निराशा झाली. २ जुलै २०१० रोजी नेदरलँड्सविरुद्ध मध्यंतरापर्यंत आघाडी होती, मग २-१ हार, फेलिपे मेलोला लाल कार्ड. ब्राझीलचा घात करणारा इंटरचाच वेस्ली स्नायडर होता (लेव्हरकुझेनचा श्नायडर वेगळा), सहा आठवड्यांपूर्वी लुसिओबरोबर चॅम्पियन्स लीग उंचावणारा.

१३. युव्हेंटसने २०१३ची लीग जिंकली. ते विजेतेपद त्याचं धरायचं का?

मी धरत नाही. २०१२च्या उन्हाळ्यात तो तिथे गेला, जेमतेम संधी मिळाली आणि डिसेंबरमध्येच दोन्ही बाजूंच्या संमतीने करार संपला. नंतर साओ पावलो आणि २०१४ला पालमेइरास, दोन्हीकडे फारसं जमलं नाही.

१४. एफसी गोवामध्ये तो फक्त नावापुरता आला होता का?

२०१५ला तो इंडियन सुपर लीगमध्ये मार्की, म्हणजे संघातला सर्वांत नामवंत, खेळाडू म्हणून आला तेव्हा वय ३७ होतं. जुना वेग उरला नव्हता, हे फातोर्ड्यावर पाहणाऱ्या कुणालाही दिसत होतं. पण त्या मोसमाचा निकाल पाहा: गोवा साखळीत अव्वल. मुंबई सिटीला त्यांनी फातोर्ड्यावर ७-० असं धुतलं, मुंबईकर ते विसरले नसतील. लुसिओच्या आयुष्यात हा आकडा दुसऱ्यांदा आला, या वेळी जिंकणाऱ्या संघाच्या बाजूने (प्रश्न २).

उपांत्य फेरीत समोर दिल्ली डायनामोज, म्हणजे खेळाडू-प्रशिक्षक रॉबेर्तो कार्लोस. योकोहामात एकत्र विश्वविजेते झालेले दोघे तेरा वर्षांनी भारतात आमनेसामने. दिल्लीत १-० हार, फातोर्ड्यावर ३-० विजय.

२० डिसेंबर २०१५चा अंतिम सामना घरच्याच मैदानावर होता. समोर चेन्नईयिन, प्रशिक्षक मार्को मातेराझ्झी म्हणजे लुसिओचा इंटरमधला साथीदार, आणि त्यांच्या संघात एलानो. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने गोवा २-१ पुढे. ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर कट्टीमनीकडून स्वयंगोल. भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल. ३-२. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि अख्खं फातोर्डा सुन्न झालं. २०१६ला लुसिओ पुन्हा आला, पण गोवा तळाला राहिला.

नावापुरता आलेला माणूस ब्राझिलियाला परतून गामा आणि ब्राझिलिएन्से यांसारख्या घरच्या क्लबांकडून चाळिशीपर्यंत खेळत राहत नाही. निवृत्ती त्याने जानेवारी २०२०मध्ये जाहीर केली.

१५. कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) त्याने कधीच जिंकली नाही का?

नाही. ब्राझीलने २००४ आणि २००७ला ती जिंकली, पण त्या दोन्ही संघांत तो नव्हता. २०११ला तो कर्णधार होता. पॅराग्वेविरुद्ध १२० मिनिटं गोलशून्य आणि मग ब्राझीलने चारही पेनल्टी वाया घालवल्या. त्याच वर्षी त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

१६. एकच सामना पाहायचा असेल तर कुठला?

धावणारा लुसिओ पाहायचा तर जोहान्सबर्गचा २००९चा अंतिम सामना. पण मुलांना बचाव शिकवणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात, त्यांनी बार्सिलोनाचा सामना पूर्ण लावावा. बॉलकडे पाहू नका, इंटरच्या बॉक्समध्ये लुसिओच्या पायांकडे आणि खांद्यांच्या दिशेकडे पाहा. बॉल दुसऱ्या बाजूला असतानाही तो दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून मागचा माणूस तपासतो, आणि सॅम्युएल एक पाऊल सरकला की तोही तेवढाच सरकतो.